अक्षराच्या माथ्यावरचे अक्षर

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. महसूल, इनामे, न्याय यांचे सरकारी दप्तर आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत लिहिले जाई. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या दप्तरांत मोडी होती. त्यामुळे सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर किंवा गंगाखेड भागातल्या एखाद्या शेतकरी घराण्याची चार पिढ्यांमागची नोंद शोधायला निघावे, तर ती अनेकदा अशा लिपीत सापडते, जी त्या घरात आज कुणालाच वाचता येत नाही. माणसे इथली, जमीन इथली, नावे मराठी. पण कागद वाचून दाखवायला तिसऱ्याची गरज.

एक साधे आडनाव घेऊ: काळे. उर्दूत ते काफ, अलिफ, लाम, ये अशा चार अक्षरांत बसते. उर्दू लिपीत ळ नाही, म्हणून लाम लिहावा लागतो. जुन्या घाईच्या हस्ताक्षरात काफ आणि गाफ यांच्यातली वरची एक रेघ बऱ्याचदा गाळलेली असते, आणि शेवटची ‘ये’ ही ‘ए’ची की ‘ई’ची, हेही नेहमी वेगळे दाखवलेले नसते. म्हणजे ती चार अक्षरे काळे, काले, काली, गाळे यांपैकी काहीही असू शकतात. गावांच्या नावांचे तसेच. पालम लिहिताना पे, अलिफ, लाम, मीम एवढेच येते. लाम आणि मीम यांच्यामधला स्वर वाचणाऱ्याने आपल्या माहितीतून भरायचा. ज्याला गाव ठाऊक आहे तो पालम वाचतो. ज्याला ठाऊक नाही, तो पालिम किंवा पालुमही वाचू शकतो, आणि लिपीच्या दृष्टीने तो चुकलेला नसतो.

अशी नोंद आज संकेतस्थळावर चढवायची झाली, तर आपल्याकडे दोन पद्धती रूढ आहेत. एक, कागदाचे छायाचित्र टाकायचे आणि वाचणाऱ्याला त्याच्या नशिबावर सोडायचे. दुसरी, कुणीतरी वाचून केलेले देवनागरी लिप्यंतर टाकायचे आणि मूळ अक्षर बाजूला ठेवायचे. पहिलीत सामान्य वाचकाला काही मिळत नाही. दुसरीत मिळते, पण ते ताडून पाहण्याची सोय राहत नाही. या दोहोंपलीकडची तिसरी पद्धत जगाच्या पूर्वेकडच्या टोकाला अनेक शतके वापरात आहे: मूळ शब्द जागच्या जागी ठेवायचा आणि त्याचा उच्चार लहान अक्षरांत त्याच्या डोक्यावर किंवा बाजूला लिहायचा. वेबपानांवर ही सोय ‘रुबी’ या नावाने ओळखली जाते. हे पुस्तक तिच्याविषयी आहे. जपानी, चिनी, कोरियन मजकुरासाठी ती कशी घडली हे त्यात आहे, आणि आपल्या दप्तरांना, आपल्या भाषाशिक्षणाला ती कशी लागू करता येईल हेही.

उच्चार दाखवण्याच्या जगभरातल्या रीती पाहिल्या, तर त्यांची तीन घराणी दिसतात. पहिल्या घराण्यात खूण अक्षरालाच चिकटते. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ असते. उदात्त कोरा सोडतात. उर्दू-अरबीतले स्वर दाखवणारे जेर, जबर, पेश याच घराण्यातले. कुराणाच्या प्रतीत ते कटाक्षाने दिलेले असतात. कचेरीच्या कागदात ते गाळले जात, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला संदर्भ माहीत असे. दुसऱ्या घराण्यात उच्चार हा स्वतंत्र मजकूर असतो, पण तो मूळ शब्दाला बांधलेला असतो. सामवेदाच्या संहितेत अक्षरांच्या डोक्यावर छापलेले १, २, ३ हे अंक या दोन घराण्यांच्या सीमेवर उभे आहेत. जपानी फुरिगाना आणि तैवानमधली बोपोमोफो ही या दुसऱ्या घराण्याची पूर्ण वाढलेली रूपे. तिसऱ्या घराण्यात उच्चाराची ओळ वेगळी होते आणि हळूहळू मूळ ओळीची जागाच घेते. आपली बहुतेक लिप्यंतरे या तिसऱ्या प्रकारची आहेत.

मराठी छपाईच्या इतिहासात तिसऱ्या घराण्याने फार मोठे काम केले आहे, हे कृतज्ञतेने सांगायला हवे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि हजारो मोडी कागद देवनागरीत आले म्हणूनच ते वाचले गेले. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. मोडीचे खिळे आणि देवनागरीचे खिळे एकावर एक जुळवून पान बांधणे कोणत्याही छापखान्याला परवडले नसते. आज मात्र तो अडसर उरलेला नाही. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली आणि तिचे फाँट उपलब्ध आहेत. मूळ आणि वाचन एकत्र दाखवण्याचे तंत्र प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. प्रश्न उरतो तो ते वापरण्याच्या सवयीचा.

पूर्व आशियात ही गरज इतकी तीव्र का झाली, याचे कारण चिनी अक्षरांच्या स्वभावात आहे. ते अक्षर बरेचदा अर्थाकडे बोट दाखवते. उच्चाराचा माग त्यात पुसट असतो, आणि तोही काळाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे बदलत गेलेला. एकाच अक्षराचे दोन उच्चारही असतात. चालणे या अर्थाचे एक अक्षर ‘शिंग’ असे वाचतात, आणि तेच अक्षर बँक या अर्थाच्या शब्दात आले की ‘हांग’ होते. यावर चिनी पंडितांनी हान राजवटीच्या अखेरीच्या सुमारास ‘फानछ्ये’ ही रीत काढली. कठीण अक्षराचा उच्चार दोन सोप्या अक्षरांनी सांगायचा: पहिल्यातून आरंभीचे व्यंजन घ्यायचे, दुसऱ्यातून उरलेला स्वरभाग. १००८ सालचा ‘क्वांगयुन’ हा कोश याच रीतीवर उभा आहे.

जपानने चिनी अक्षरे घेतली तेव्हा अडचण दुपटीने वाढली. त्यांनी अक्षरांबरोबर चिनी उच्चार घेतले, शिवाय त्याच अक्षरांना आपले देशी शब्दही जोडले. उद्या या अर्थाची दोन अक्षरे ‘आशिता’, ‘आसु’ आणि ‘म्योउनिची’ अशी तीन तऱ्हांनी वाचता येतात. देशाचे स्वतःचे नावही ‘निहोन’ आणि ‘निप्पोन’ अशा दोन्ही प्रकारे चालते. चिनी ग्रंथ जपानी क्रमाने वाचता यावेत म्हणून भिक्षू आणि पंडित ओळींच्या कडेला बारीक खुणा करू लागले. मूळ अक्षराशेजारी लहान अक्षरांत उच्चार लिहिण्याची सवय, म्हणजेच फुरिगाना, या अभ्यासातून रुजली.

या कथेत भारताचा धागाही आहे. बौद्ध मंत्र जपानमध्ये सिद्धम् लिपीत पोचले आणि त्यांच्याशेजारी उच्चार लिहिले गेले. त्या वर्णाभ्यासाचा ठसा जपानी वर्णक्रमावर आजही आहे. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर. मग क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. ‘स’च्या जागी जुना च-वर्ग आणि ‘ह’च्या जागी जुना ‘प’ धरला, की आपल्या वर्णमालेचा क्रम लगेच ओळखू येतो. परभणीतला विद्यार्थी जपानी शिकू लागतो तेव्हा शब्दकोशातला हा क्रम त्याला परका वाटत नाही, याचे मूळ इथे आहे.

मेइजी काळात छापील वृत्तपत्रे आली आणि उच्चारखुणांना मोठा वाचकवर्ग मिळाला. १८७४ साली निघालेले ‘योमिउरी शिंबुन’ सामान्य वाचकांसाठी होते आणि त्यातल्या चिनी अक्षरांवर उच्चार दिलेले असत. या बारीक खिळ्यांना छापखान्यात एका इंग्रजी खिळ्याच्या आकाराचे नाव पडले, तेच रुबी. शाळेत थोडेच दिवस गेलेली माणसे अशा वृत्तपत्रांवर वाचायला शिकली. रोजचा पेपर हेच त्यांचे पुस्तक.

पुढे याला विरोधही झाला. १९३८ मध्ये लेखक यामामोतो युझो यांनी फुरिगाना बंद करावी असे आवाहन केले. आपल्याच भाषेचे लेखन वाचण्यासाठी शेजारी दुसरे लेखन लावावे लागणे हे सुसंस्कृत राष्ट्राला शोभत नाही, लेखकांनी मुळातच सोपे लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धानंतर १९४६ मध्ये १,८५० अक्षरांची यादी ठरली आणि काही काळ उच्चारखुणा मागे पडल्या. ही यादी पुढे वाढत २०१० मध्ये २,१३६ अक्षरांपर्यंत आली आणि फुरिगानाही परतली: मुलांच्या पुस्तकांत, चित्रकथांत, आडनावांवर, अवघड शब्दांवर. या वादात दोन्ही बाजूंना लोकांनी वाचावे हेच हवे होते. एका बाजूला मजकूर सोपा करायचा होता, दुसरीला मजकूर तसाच ठेवून वाचकाला हात द्यायचा होता. आपल्या शासकीय मराठीच्या चर्चेत हे दोन पक्ष आजही भेटतात.

चीनमध्ये प्रजासत्ताकाच्या आरंभी उच्चार एकसारखे करण्याच्या प्रयत्नातून आज ३७ चिन्हे असलेली बोपोमोफो ही पद्धत तयार झाली आणि १९१८ मध्ये अधिकृत झाली. तैवानने ती टिकवली. तिथल्या बालसाहित्यात प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे ही चिन्हे उभी रचलेली असतात. मुख्य भूमीवर ११ फेब्रुवारी १९५८ रोजी रोमन अक्षरांची पिनयिन पद्धत मंजूर झाली. तिच्या घडणीत चोउ योउक्वांग यांचा मोठा वाटा होता. पिनयिन आडवी असते आणि अक्षरांच्या वर बसते. कोरियाने पंधराव्या शतकातच हांगुल ही स्वतःची लिपी घडवली होती. तिथे चिनी अक्षरांचा वापर ओसरत गेला तशी उच्चार दाखवण्याची गरजही कमी झाली. हे तपशील रचनाकाराला नीट माहीत हवेत, कारण उच्चार वर बसवायचा, उजवीकडे उभा रचायचा की ओळीतच कंसात द्यायचा, हे त्या त्या समाजाच्या वाचनाच्या सवयीवर ठरते.

आता वेबकडे वळू. सुरुवातीला लोक मूळ शब्दापुढे कंसात उच्चार लिहीत. जपानमध्ये १९९७ पासून जुने साहित्य लोकांसाठी मोफत उपलब्ध करणाऱ्या ‘आओझोरा बुंको’ने साध्या मजकुरातच दुहेरी कंसांचा आणि उभ्या रेघेचा संकेत ठरवला, त्या संकेतावर हजारो पुस्तके उभी राहिली. युनिकोडने १९९९ मध्ये ओळींमधल्या टिपांसाठी तीन खास वर्ण दिले, पण ते सर्रास वापरू नयेत असा सल्लाही बरोबर दिला. त्याच वर्षी इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत रुबीचे टॅग चालू लागले. ३१ मे २००१ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने रुबीची शिफारस अधिकृत केली, आणि २८ ऑक्टोबर २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये ती मुख्य प्रवाहात आली. दरम्यान २०११ मध्ये ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीने ई-पुस्तकांतही तिला जागा दिली.

हे तंत्र जवळून पाहिले तर अगदी साधे आहे. बाहेर ‘रुबी’ नावाचा टॅग. त्याच्या आत आधी मूळ शब्द, मग ‘आरटी’ या टॅगमध्ये त्याचा उच्चार. ब्राउझर उच्चाराची अक्षरे साधारण निम्म्या आकाराची करतो आणि शब्दाच्या वर बसवतो. ज्या ब्राउझरला रुबी कळत नाही त्याच्यासाठी ‘आरपी’ या टॅगमध्ये कंस ठेवतात. तो ब्राउझर टॅगांकडे दुर्लक्ष करतो आणि वाचकाला मूळ शब्द व कंसातला उच्चार ओळीतच दिसतो. म्हणजे यंत्र जुने असले तरी माहिती बुडत नाही. या विचारीपणामुळेच रुबी टिकली, असे मला वाटते.

वाद झाला तो आतल्या रचनेवर. दोन अक्षरांचा शब्द आहे आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार वेगळा द्यायचा आहे, असे समजा. एक पक्ष म्हणतो: अक्षर, त्याचा उच्चार, पुन्हा अक्षर, पुन्हा उच्चार अशी गुंफण करा. लिहायला सोपे, ब्राउझरलाही सोपे. दुसरा पक्ष म्हणतो: आधी सगळी मूळ अक्षरे सलग ठेवा, मग सगळे उच्चार ओळीने द्या. यात मूळ शब्द अखंड राहतो, कंसात पडला तरी वाचता येतो, आणि उच्चाराचा दुसरा थरही देता येतो. २०१४ च्या शिफारशीत दुसऱ्या पक्षाचे जादा टॅग होते आणि फायरफॉक्सने २०१५ मध्ये ते चालू केले. ब्राउझर कंपन्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाने मात्र साधी गुंफण पसंत केली. २०१९ मध्ये दोन्ही संस्थांचा समझोता होऊन एचटीएमएलचा अधिकार त्या गटाकडे गेला. जादा टॅगांचा विचार डब्ल्यूथ्रीसीमध्ये वेगळ्या मसुद्यातून चालू राहिला.

दिसण्याची बाजू पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसकडे आहे. उच्चार वर, खाली की अक्षरांच्या मधोमध उभा, तो शब्दाच्या रुंदीत कसा पसरायचा, शेजारच्या उच्चाराशी जोडायचा की नाही, यासाठी वेगळे गुणधर्म आहेत. जपानी छपाईत एकेका अक्षराचा उच्चार, जोडशब्दाचा उच्चार आणि अख्ख्या शब्दगटाचा उच्चार असे तीन प्रकार मानतात. ‘आशिता’ हा उच्चार दोन अक्षरांत तोडून वाटता येत नाही. तो पूर्ण शब्दावरच बसवावा लागतो. जपानी तज्ज्ञांनी आपल्या पानरचनेचे असे बारकावे डब्ल्यूथ्रीसीच्या दस्तऐवजांत नीट नोंदवून ठेवले, म्हणून जगातल्या अभियंत्यांना ते कळले. भारतीय लिप्यांच्या मांडणीवरही तिथे काम झाले आहे, पण उच्चारखुणांच्या बाबतीत आपल्या गरजा आपणच अजून पुरेशा मांडलेल्या नाहीत.

त्या गरजा काही बाबतींत वेगळ्या आहेत. उच्चार लिहिण्याची जपानी काना अक्षरे सुटसुटीत असतात; निम्म्या आकारातही ती ओळखू येतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. सोळा पिक्सेलच्या मजकुरावर आठ पिक्सेलमध्ये ‘लक्ष्मी’ लिहिले तर शिरोरेषेखाली काळा ठिपका उरतो. म्हणून देवनागरी उच्चार निम्म्याहून मोठा, साधारण दोन तृतीयांश आकाराचा ठेवावा लागतो आणि ओळींमधले अंतर वाढवावे लागते. मूळ शब्दही देवनागरीत असेल तर वरचा उकार आणि खालची वेलांटी एकमेकांना भिडतात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि देवनागरी डावीकडून उजवीकडे. शब्दागणिक रुबी लावली तर प्रत्येक देवनागरी उच्चार आपल्या शब्दावर नीट बसतो, पण शब्दांचा क्रम उर्दूचाच राहतो. आख्खे वाक्य एका रुबीत घातले तर वाचक गोंधळतो.

मोडीचे प्रश्न आणखी निराळे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द तुटत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ इ-उ यांचा भेद पाळलेला नसतो. म्हणून रुबी लावण्याआधी शब्द कुठे संपतो हे ठरवावे लागते, आणि हे ठरवणेच निम्मे वाचन असते. इथे दोन थर उपयोगी पडतात: वरच्या थरात अक्षराला अक्षर असे लिप्यंतर, खालच्या थरात आजच्या लेखनाप्रमाणे वाचन. उर्दू नोंदीतल्या ‘काले’वर ‘काले’ हेच लिप्यंतर द्यायचे आणि खाली ‘काळे’ हे वाचन. आजच्या नियमांतही रुबीच्या आत रुबी ठेवून हे साधते. वाचकाला लिपीने काय दिले आणि वाचणाऱ्याने काय ठरवले, हे दोन्ही एका नजरेत दिसते.

दप्तरे बाजूला ठेवली, तरी रोजच्या मराठीतही हे तंत्र कामाला येते. ‘जग’ ही दोन अक्षरे दुनिया या अर्थी एका तऱ्हेने उच्चारतात आणि जगणे या क्रियापदात दुसऱ्या. ‘चार’ हा अंक आणि गुराला ‘चार’ ही आज्ञा यांचेही तसेच. आपण बोलत मोठे झालो म्हणून अडत नाही. मराठी शिकणाऱ्या अन्यभाषकाला, परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना, आणि मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या संगणकाला तिथे थांबावे लागते.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर गेल्या काही वर्षांतल्या घटनांमध्ये आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकालीन दप्तरे उघडली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पहिल्यांदाच घराघरांत कळली. त्या शोधामागच्या राजकारणावर या पुस्तकाला काही म्हणायचे नाही. पण ज्या वाचनावर कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो, ते वाचन मूळ अक्षरासह सर्वांपुढे असावे, हे कोणत्याही बाजूच्या माणसाला पटावे. जपानकडे पाहा. तिथे कुटुंबनोंदणीत नावे अक्षरांत असत, उच्चार कायद्याने नोंदलेला नसे. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि २६ मे २०२५ पासून प्रत्येक नावाचा उच्चार नोंदवण्याचे काम सुरू झाले. सरकारने नागरिकांना, तुमचे नाव आम्ही असे वाचतो, बरोबर आहे का, असे पत्राने विचारले. नावाचा उच्चार हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे, हे एका राष्ट्राने कायद्याच्या पातळीवर मान्य केले.

दुसरे कारण शिक्षणाचे. पुणे हे बऱ्याच काळापासून जपानी भाषेच्या अध्यापनाचे मोठे केंद्र आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात विशिष्ट कौशल्याच्या कामगारांविषयी करार झाला, आणि शुश्रूषा, शेती अशा क्षेत्रांसाठी भाषा शिकणाऱ्या तरुणांपुढे नवी वाट उघडली. परभणी हा शेतीचा जिल्हा. कृषी विद्यापीठही इथलेच. अशा तरुणाला जपानी मजकुरावर कानामध्ये आणि सुरुवातीच्या धड्यांत देवनागरीत उच्चार मिळाला, तर रोमन अक्षरांच्या वळणावरून जावे लागत नाही. देवनागरी जपानी ध्वनींच्या अधिक जवळ आहे, याचा लाभ आपण घेतलाच पाहिजे.

तिसरे कारण यंत्रवाचनाचे. संगणक आता जुनी हस्ताक्षरे वाचू लागले आहेत आणि उद्या ते लाखो पाने वाचतील. यंत्र चुकते तेव्हाही त्याचा मजकूर तितकाच ठाम दिसतो. मूळ अक्षर आणि त्यावरचे वाचन एकत्र असेल तरच जाणकाराला ती चूक दिसेल आणि दुरुस्त करता येईल.

आणि एक बाजू कधीही विसरू नये अशी: दृष्टिहीन वाचकाची. काही स्क्रीन रीडर रुबीतला मूळ शब्द आणि उच्चार असे दोन्ही लागोपाठ वाचतात. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. पानावर शोध घेताना किंवा मजकूर नकलून घेताना उच्चाराची अक्षरे मध्येच मिसळतात, तीही अडचण आहे. प्रत्येक भागाला त्याची भाषा आणि लिपी सांगणे, उच्चार हवा तेव्हा दाखवण्याची किंवा झाकण्याची सोय देणे, आणि उच्चाराशिवायचा स्वच्छ मजकूर वेगळा उपलब्ध ठेवणे, हे उपाय आज हाताशी आहेत. ते जिथे केले नसतील, तिथे रुबी काहींना वाचन सोपे करते आणि काहींना अवघड. पुस्तकाने या बाबतीत सवलत घेतलेली नाही.

या पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेले काम मर्यादित आणि स्पष्ट आहे. ते जपानी किंवा चिनी शिकवत नाही, मोडीचे वर्गही घेत नाही. ज्याच्या हातात मूळ मजकूर आणि त्याचे वाचन आहे, त्याने ते वेबपानावर एकत्र, नेमके आणि टिकाऊ कसे मांडावे, एवढेच ते सांगते. त्यासाठी आधी पूर्व आशियाच्या अनुभवाकडून शिकते, कारण तिथे चुका आणि वाद होऊन गेले आहेत, आणि मग आपल्या लिप्यांना ते धडे कुठे जसेच्या तसे लागू पडतात आणि कुठे बदलावे लागतात, हे उदाहरणांनी दाखवते. संगणकाची पदवी नसलेल्या शिक्षकाला, ग्रंथपालाला, दप्तर लावणाऱ्या कार्यकर्त्याला डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. अनुभवी वेबकाराला त्यात नेहमीच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत न सापडणारे देवनागरी, मोडी आणि उर्दूचे प्रश्न भेटतील.

पुस्तकाच्या मुळाशी एक आग्रह आहे आणि तो मी माझाही मानतो. वाचन कितीही विद्वत्तेचे असो, त्याने मुळाची जागा घेऊ नये. मूळ शब्द पानावर राहावा. त्याच्यावरचे वाचन कुणी केले, कुठे खात्री आहे, कुठे शंका आहे, हे त्याच्याशेजारी लिहिलेले असावे. म्हणजे पुढचा वाचक त्यात भर घालू शकेल, आणि ज्याच्या आजोबांचे नाव त्या ओळीत आहे, तो स्वतःच्या डोळ्यांनी ते अक्षर पाहू शकेल.

परभणीसारख्या जिल्ह्यात हे काम एकट्या संगणकतज्ज्ञाच्या हातून होणारे नाही. उर्दू शाळेतल्या शिक्षकांना उर्दूचे नस्तालीक वळण वाचता येते, मोडी शिकलेल्या तरुणांना रेघेखालचे शब्द सुटे करता येतात, जुन्या माणसांना गावांची आणि घराण्यांची नावे तोंडपाठ आहेत, आणि महाविद्यालयातल्या मुलांना वेबपान बांधता येते. ही चार माणसे एका टेबलाशी बसली, की सुरुवात होते. पहिले काम म्हणून आपल्या तालुक्यातल्या गावांच्या नावांची यादी घ्यावी: प्रत्येक नाव उर्दूत, मोडीत आणि आजच्या मराठीत, एकावर एक. ती यादी हाती आली की पुढची प्रत्येक नोंद वाचताना अर्धा संशय आपोआप मिटतो. पुस्तक वाचून झाल्यावर वाचकांनी एवढे जरी हाती घेतले, तरी ते लिहिण्यामागचा हेतू सफळ झाला असे म्हणता येईल.

परभणी